रिकामी काच

पत्र सोमवारी सकाळी सात चाळीसला वाचले. अंगातला कोटही अजून काढला नव्हता. विभागातल्या एकतीस जणांना ते एकाच वेळी गेले होते आणि त्या एकतिसांत मी होते. मला वेगळे असे काही आले नव्हते.

प्रोफेसर गायझर यांनी लिहिले होते की, ऑक्टोबरपासून सूक्ष्मदर्शकाखालचे नमुने स्थिर राहत नाहीत. ऑक्टोबरमध्येच फ्राऊ वायडा यांनी काचा बंद करण्याचा गोंद बदलला. तेव्हा जानेवारीपासून नमुने बाहेरच्या कंपनीकडून करून घेतले जातील आणि फ्राऊ वायडा पोषकद्रव्यांच्या स्वयंपाकघराची जबाबदारी सांभाळतील. त्यांच्या दीर्घ सेवेबद्दल आभार. फ्राऊ वायडा म्हणजे मी.

पोषकद्रव्यांचे स्वयंपाकघर म्हणजे तळघरातली ती खोली, जिथे बाटल्या धुतात आणि पेशींना वाढवायचे खाद्य उकळतात. काम वाईट नाही, कोणीतरी करायलाच हवे. पण मी चोवीस वर्षे नमुने बनवते आहे. गायझर दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनहून इथे येना शहरात आले त्याच्या बारा वर्षे आधीपासून.

शुक्रवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन गेले होते. माझ्या मुलाची चौकशी केली. मी आणलेल्या खसखशीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा कागदात गुंडाळून नेला. पत्राखालची तारीख शुक्रवारची होती, वेळ सकाळची.

कोट काढला, खुंटीला लावला. त्या दिवशी मी एकही नमुना केला नाही. रागाच्या भरात करायचे हे काम नव्हे.

आमच्या यंत्राला जे दिसते ते साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. पेशीच्या केंद्रकाभोवतीच्या पडद्याला छिद्रे असतात आणि प्रत्येक छिद्राभोवती आठ कोपऱ्यांचे एक कडे. एका केसाच्या जाडीत अशी सहाशे कडी शेजारी शेजारी मावतील. ती पाहायची युक्ती अशी, की कड्याला चिकटवलेले रंगाचे रेणू सगळे एकदम उजळू द्यायचे नाहीत. एका क्षणी दोन-चार लुकलुकतात, त्यांची जागा टिपायची. मग दुसरे दोन-चार. चाळीस मिनिटांत तीस हजार फोटो होतात आणि त्या सगळ्या ठिपक्यांची मिळून एक आकृती उमटते. तेवढा वेळ काच हलता कामा नये. शंभर नॅनोमीटर सरकली, तरी आठ कोपऱ्यांचे कडे जाऊन शेवयांचा गुंता हाती येतो.

हळूहळू सरकली तर संगणक ते वजा करतो. काचेवर सोन्याचे बारीक कण त्यासाठीच ठेवलेले असतात; ते किती हलले ते पाहायचे आणि तेवढे बाकीच्यांतून काढून टाकायचे. पण मी टोम्केला करून दिलेले नमुने बाजूला सरकता सरकता खालीही जात होते. सोन्याचे कण अंधुक होत आणि दिसेनासे होत. जे दिसलेच नाही ते वजा कसे करणार?

टोम्के ही गायझरांची संशोधक विद्यार्थिनी, उत्तरेकडच्या समुद्रकाठची, बोलायला कमी. तिच्या निबंधावर परीक्षकांनी प्रश्न काढले होते. डिसेंबरच्या मध्यापर्यंत आठ नवी मोजमापे पाठवायची होती आणि महिन्याभरात एकही धड झाले नव्हते.

माझी आई इथल्याच भिंगांच्या कारखान्यात काच घासायची. घासून झालेले भिंग ती लगेच मापायला देत नसे. आधी बसू दे, म्हणायची. रात्रभर त्याच खोलीत ठेवायचे, खोलीइतके गार होऊ द्यायचे. हाताची ऊबसुद्धा काचेला फुगवते. मी तेच करते. नमुना झाला की तासभर यंत्राच्या खोलीत नुसता ठेवते. माझ्या नोंदवहीत प्रत्येक नमुन्यापुढे ती वेळ लिहिलेली आहे.

तरीही पत्र वाचल्यावर मी पहिल्यांदा स्वतःवरच संशय घेतला. याचा मला आजही राग येतो. सबंध आठवडा मी गोंद तपासला. जुना गोंद आणि नवा गोंद, अर्धा तास सुकवलेला, दोन तास सुकवलेला. काचेच्या कडेने पाणी पाझरते का, सुकताना गोंद आकसतो का. काही सापडले नाही. सापडले नाही म्हणून सुटकाही वाटली नाही. उलट वाटले, अजून नीट पाहिलेले नाही.

मग गायझरांकडे गेले. त्यांनी मला बसवले, स्वतः उठून पाण्याचा पेला भरून दिला.

“फ्राऊ वायडा, हे मनाला लावून घेऊ नका,” ते म्हणाले. “मी ऐकीव गोष्टींवर पत्र लिहीत नाही. टोम्केच्या मागे बसून माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दर मंगळवारी, दर गुरुवारी. एकदाही चुकलेलं नाही.”

बाकीच्या दिवशी काय होते, मी विचारले. बाकीच्या दिवशी यंत्र शेजारच्या गटाकडे असते, ते म्हणाले, आणि त्यांचे नमुने त्याच यंत्रावर गप्प बसून राहतात. म्हणजे यंत्र ठीक आहे. म्हणजे दोष आपल्या नमुन्यांत आहे. उन्हाळ्यात सगळे नीट होते आणि गोंद ऑक्टोबरात बदलला. हे सांगताना त्यांनी एकेक बोट दुमडले. तर्कात मला खोट दिसली नाही, आणि ती दिसत नाही याचाच संताप होता. पाणी न पिता मी उठले.

जिना उतरताना एक गोष्ट सुचली, तीही रागातच. गोंदच दोषी ना? मग गोंद नसलेली काच लावते. पेशी नकोत, पाणी नको, गोंद नको. माझ्या हातचे काहीच नको.

कोऱ्या काचेवर सोन्याच्या कणांचा एक थेंब टाकला आणि भट्टीत भाजून कण पक्के बसवले. काच यंत्राच्या धातूच्या पट्टीवर दोन स्क्रूंनी आवळली. टोम्केला सांगितले की मंगळवारी आणि गुरुवारी तू आपला नमुना दहा वाजता चढवतेस, तोवर ही माझी राहू दे. तिने का म्हणून विचारले नाही. शेजारच्या गटानेही संध्याकाळी सहानंतर आणि सकाळी दहापर्यंत यंत्र दिले. मी संध्याकाळी काच लावायची, सोन्याच्या एका कणावर यंत्र रोखून ठेवायचे आणि घरी जायचे; तो किती हलला त्याची रेघ यंत्र काढत राही.

सोमवारी रात्रभर तो कण दहा नॅनोमीटरांच्या आतच होता. मंगळवारी सकाळी आठ, नऊ, साडेनऊ, जागचा हलला नाही. नऊ त्रेपन्नला निघाला. दहा वाजेपर्यंत अडीचशे नॅनोमीटर गेला होता.

बुधवारी सकाळी सरळ रेघ. गुरुवारी नऊ चोपन्नला निघाला. शुक्रवारी सरळ रेघ. पुढच्या आठवड्यात मंगळवारी निघाला, आणि गुरुवारी निघाला नाही. त्या गुरुवारी गायझर व्याख्यानाला बर्नला गेले होते.

त्या रेघांचा कागद मी समोर धरला. काचेवर माझे काहीही नव्हते. त्यांनी पाहिले तेव्हा नमुना दर वेळी सरकत होता, हे अगदी खरे होते. ते येत होते म्हणूनच तो सरकत होता. फक्त ते येऊन काय करत होते, ते मला कळेना. पावलांचा हादरा म्हणावा, तर यंत्र हवेच्या गाद्यांवर उभे आहे, बाहेरून ट्रक गेला तरी त्याला कळत नाही. खोलीचा तापमापक तर सगळे दिवस बावीस अंश दाखवत होता.

टोम्केला विचारले, ते आल्यावर काय काय करतात ते एकूण एक सांग. तिने डोळे मिटून आठवले. कोट काढतात. गुड मॉर्निंग म्हणतात. तिच्या मागच्या खुर्चीत बसतात. चष्मा पुसतात. बास.

उत्तर मिळाले ते क्वासकडून, आणि तेही न विचारता. क्वास आमच्या इमारतीची देखभाल पाहतो. नऊ वाजता तळघरात बसून कच्च्या खिम्याचा पाव खातो, वर कांदा भरपूर. मी स्वयंपाकघराची खोली पाहायला गेले होते. जानेवारीत माझे टेबल कुठे येईल ते मोजायला, म्हटले तरी चालेल.

“पत्र वाचलं,” तो म्हणाला. “या इकडेच. वर हुशार माणसं आहेत, खाली बरी माणसं आहेत.” मी हसले नाही, तेव्हा त्याने विषय बदलला. “तुमचा तो श्वाबेनवाला माझ्या बिजागऱ्या खाणार बघा. यंदा दोनदा बदलल्या.”

“कसल्या बिजागऱ्या?”

“यंत्राच्या खोलीबाहेरची, तुमचे पडदे असतात ती खोली नाही का, तिथल्या खिडकीच्या. मी इकडून तापवतोय आणि तो तिकडून डोंगरावरची सगळी थंडी आत घेतोय. सताड उघडतो. हात मागे बांधून सहा मिनिटं उभा, सेनापती फौज बघतोय जसा. वर आतल्या दाराला पाचर लावतो. का, तर म्हणे वारा आरपार जायला हवा.”

मी त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले. त्याने न विचारता अर्धा पाव माझ्यापुढे सरकवला.

आता हे मी कोणाला कसे समजावू? आमच्याकडे खिडकी उघडणे हे काही करण्यात जमाच होत नाही. मी स्वतः रोज सकाळी उठल्याबरोबर घरातल्या सगळ्या खिडक्या पाच मिनिटे उघडते, बाहेर बर्फ असले तरी. माझी आई उघडायची. शाळेत तासाच्या शेवटी बाई उघडायच्या. सकाळपासून काय केलेस असे कोणी विचारले, तर मी दात घासले हे सांगेन, पण खिडकी उघडली हे सांगायचे सुचणारही नाही. आणि गायझर तर श्वाबेनचे. तिथले लोक यात आमच्याही पुढे. कोंदट हवेत डोके चालत नाही, असे ते प्रत्येक बैठकीत म्हणत.

वर जाऊन टोम्केला विचारले, “आणि खिडकी?”

“खिडकी? ती तर उघडतातच,” ती म्हणाली. “कोण नाही उघडत?” मग तिने तोंडावर हात ठेवला.

बाकीचे आपोआप जुळत गेले. उन्हाळ्यात बाहेरची हवा खोलीसारखीच असते. ऑक्टोबरपासून ती चार-पाच अंशांची. पाचर लावलेल्या दारातून ती थेट यंत्राच्या पट्टीवर येते, धातू आकसतो आणि मग तासभर पुन्हा फुगत राहतो. तापमापक खोलीच्या दुसऱ्या टोकाला, थंड-गरम हवेच्या यंत्राच्या तोंडाशी, आणि तो अर्ध्या अर्ध्या तासाची सरासरी लिहितो. शेजारच्या गटाचा प्रमुख मोजमाप पाहायला खाली उतरतच नाही. त्यांचे नमुने गप्प बसतात ते त्यामुळे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते इथे चोराने स्वतः बसून लिहिले होते, आणि वर आभार मानले होते.

पुढच्या मंगळवारी मी टोम्केला नमुना आणू नकोस म्हणून सांगितले. रिकामी काच लावली आणि तिच्या खुर्चीवर मी बसले. ती मागे भिंतीशी उभी राहिली. नऊ पन्नासला गायझर आले.

“आज आधी इथे बसा,” मी म्हटले. “कोट असू द्या अंगात.”

ते बसले. माझ्या आवाजात काहीतरी असावे. पडद्यावर सोन्याचा एक कण होता आणि त्याच्याखाली त्याची रेघ. पाच मिनिटांनी त्यांनी विचारले, काय बघायचे आहे. हेच, मी म्हटले. पंधरा मिनिटांत कण सहा नॅनोमीटर इकडेतिकडे झाला. नमुना कुठाय, त्यांनी विचारले. नमुना नाही, मी म्हटले, गोंदही नाही, मी केलेले यात काहीच नाही.

“आता नेहमी आत आल्यावर पहिल्यांदा जे करता ते करा.”

ते उठले आणि उभे राहिले. त्यांना खरोखरच माहीत नव्हते. कोटाच्या गुंड्यांना हात लावला, माझ्याकडे पाहिले.

“खिडकी, प्रोफेसर,” टोम्के मागून म्हणाली.

त्यांनी खिडकी उघडली. सवयीने आतल्या दाराला पाचर लावली. माझ्या घोट्यांना गार लागले. तिसऱ्या मिनिटाला कण निघाला, सहाव्या मिनिटाला तीनशे दहा नॅनोमीटरांवर होता. मग अंधुक झाला आणि गेला. पडदा काळा.

मला वाटले होते, आता त्यांचा चेहरा पडेल. तसे झाले नाही. त्यांचा चेहरा उजळला. खुर्ची ओढून ते पडद्याजवळ आले आणि म्हणाले, हे फारच रंजक आहे. दोन मिनिटांत त्यांचे सगळे ठरलेसुद्धा. पट्टीपाशी दुसरा तापमापक हवा, दारावर सूचना हवी, फ्राऊ वायडा तिला प्लॅस्टिकचे आवरण घालून आणतील, आणि यावर आपण छोटासा लेख लिहायला हवा, इतरांनाही उपयोग होईल. आपण, ते म्हणाले.

“आणि पत्र?” मी विचारले.

“कुठलं पत्र?”

इतक्या आठवड्यांत मी एकदाही आवाज चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. ज्याने मी तीन आठवडे झोपले नाही ते पत्र, मी म्हटले. त्यांना आठवले. ते तर आता रद्दच झाले की, ते म्हणाले, तुम्ही आहात तिथेच राहणार, यात बोलण्यासारखे उरले काय?

दुपारी एकतीस जणांना तीन ओळी आल्या. नमुने सरकण्याचे कारण सापडले आहे: थंड हवेचा झोत. मोजमापाच्या आधी आणि दरम्यान खिडकी बंद ठेवावी. नमुन्यांची व्यवस्था पूर्वीप्रमाणे राहील.

त्यात कोणाचेच नाव नव्हते. आधीच्या पत्रात माझे दोनदा होते.

या बारा वर्षांत मी लिहिलेली कामाचे प्रत्येक टाचण गायझरांनी हिरव्या पेन्सिलीने तपासून परत दिले आहे. समासात तीनच शब्द असत: कोणी? केव्हा? किती? तेही बरोबरच होते, मी त्यातून शिकले. मी त्या तीन ओळी छापून घेतल्या. दुकानातून हिरवी पेन्सिल आणली. समासात तेच तीन शब्द लिहिले आणि कागद त्यांच्या खणात टाकला.

मग टोम्केकडे गेले. तिला सांगितले की पहिल्या पत्रात माझी जागा तळघरात आहे आणि ते चुकले असे कोणी लिहिलेले नाही, तर मी जानेवारीची वाट कशाला पाहू, आजच जाते. पण मी गेले की तुझे नमुने थांबतील, आणि तुझ्याकडे सोळा दिवस आहेत. तू नको म्हणालीस तर जाणार नाही.

“मी त्या खोलीत बसून होते,” ती म्हणाली. “दर वेळी. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तुम्ही जा.”

तीन दिवस मी बाटल्या धुतल्या. क्वास येता-जाता पाणी गरम आहे ना, विचारायचा. दुसऱ्या दिवशी गायझर जिन्याच्या पायरीपर्यंत आले. म्हणाले की हा हट्ट टोम्केच्या मुळावर येतोय. ती दुसऱ्या कोणाचे नमुने वापरू शकते, मी म्हटले, तुमची ती कंपनी आहेच. आणि माझ्या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे पत्र आले नाही तर सोमवारी मी ती रिकामी काच कर्मचारी परिषदेपुढे लावणार आहे, खिडकी तुम्ही उघडायला या. ते वळून जिना चढून गेले. माझे हात कोपरापर्यंत फेसात होते.

शुक्रवारी दोन वाजता गायझरांचे पत्र आले, सगळ्या एकतीस जणांना: ऑक्टोबर ते नोव्हेंबर या काळात प्रत्येक मंगळवारी व गुरुवारी नऊ पन्नासला मी बाहेरच्या खोलीची खिडकी सहा मिनिटे उघडत असे आणि आतले दार उघडे ठेवत असे. त्यामुळे नमुना तीनशे नॅनोमीटरपर्यंत सरकत असे. फ्राऊ वायडा यांचे नमुने आणि त्यांचा गोंद निर्दोष होते. माझे आधीचे पत्र चुकीचे होते. गायझर.

कोणी, केव्हा, किती. तिन्ही होते. मी ते दोनदा वाचले, हात पुसले आणि वर गेले. बरे वाटले का, असे टोम्केने विचारले. काय सांगणार? चोवीस वर्षांचा हिशेब एका माणसाने मला न विचारता मिटवला होता आणि तो परत उघडायला मला भट्टीत सोने भाजावे लागले. केकसाठी तो एक मजला खाली आला, तसा विचारायला आला असता तरी चालले असते.

त्याच दिवशी चार नमुने केले. नव्या गोंदानेच.

मंगळवारी गायझर नऊ पन्नासला आले. दारावर त्यांची सूचना लागली होती, आवरणाशिवाय, कोपरे आत्ताच वळायला लागलेले. ते बंद खिडकीपुढे हात मागे बांधून उभे राहिले. सव्वादहाला टोम्केच्या पडद्यावर पहिले कडे भरत आले. कोपरे एकेक करून दिसू लागले, पाच, सहा. तिने सातवा बोटाने दाखवला, आठवा दाखवायची गरज पडली नाही.

गायझरांनी कॉलर सैल केली. खोलीत तिघांचा श्वास कोंडला होता, ते खरेच होते.

“फ्राऊ वायडा,” त्यांनी हळू आवाजात विचारले, “जरा उघडू का आता?”

मी घड्याळ पाहिले.

“अजून पंचवीस मिनिटं,” मी म्हटले.

ते थांबले. खसखशीचा केक मी अजूनही करते. तळघरात, क्वासकडे नेते.